‘बेटी’ आईसारखी होती का? १९४३चा एक स्वस्तातला सिक्वेल आणि चार आण्यांचा प्रेक्षक

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका तरुण मित्रानं विचारलं होतं की मारामारीच्या सिनेमांचे दुसरे-तिसरे भाग इतके फालतू असतात, तरी लोक बघतात का? आणि बघून झाल्यावर ‘पहिल्याची सर नाही’ असंच म्हणायचं असतं, तर मग जातात कशाला? आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. घरी गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न कराटे, कुंग-फूच्या पिढीचा नाहीच. तो आपल्या आजोबांच्या पिढीचा आहे, आणि त्याची जागाही वाशीतल्या या सभागृहापासून फार लांब नाही. खाडीपूल ओलांडायचा, मानखुर्द-गोवंडी सोडायचं, की चेंबूर. आणि तिथून पुढे परळ.

तर आज आपण एका चित्रपटाबद्दल बोलणार आहोत: ‘हंटरवाली की बेटी’, साल १९४३. ‘हंटरवाली’, साल १९३५, हा त्याचा पहिला भाग. हा हिंदुस्थानातला ‘पहिला सिक्वेल’ असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं. ‘पहिला’ या शब्दाशी आमचं फारसं जमत नाही. मूकपटांच्या काळात शेकडो चित्रपट आले आणि नष्ट झाले, त्यांत कुणी कुणाचा पुढचा भाग काढला नसेल असं छातीठोक कोण सांगणार? फार सुरुवातीच्या सिक्वेलांपैकी एक, एवढं आपण म्हणू आणि पुढे जाऊ. आज आपल्याला क्रमांक लावायचा नाहीये. बघायचंय ते हे की तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला तो कसा वाटला, आणि ते आपल्याला कळणार कसं.

आधी पहिल्या भागाबद्दल थोडं. जमशेद म्हणजे जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी वाडिया. जहाजं बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातली ही मुलं. थोरल्यांनी इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. केलेलं, कायदाही शिकलेले, आणि वेड डग्लस फेअरबँक्सच्या तलवारबाजीचं. घरच्यांना हे काही फार आवडलं नसणार. १९३३ साली ‘वाडिया मूव्हिटोन’ उभी राहिली, परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वास्तूत. आता परळ म्हणजे काय, ते या सभागृहातल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. चारी बाजूंनी गिरण्या. स्टुडिओच्या भिंतीपलीकडे भोंगा वाजायचा आणि पाळी सुटायची. ज्या प्रेक्षकासाठी सिनेमा बनत होता, तो प्रेक्षक फाटकासमोरून रोज दोनदा चालत जात होता.

या स्टुडिओत आली मेरी इव्हान्स. जन्म १९०८चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश सैन्यात, पहिल्या महायुद्धात मारले गेले. मुलगी लहानपणीच मुंबईत आलेली. दुकानात विक्रेती म्हणून काम केलं, सर्कशीत गेली, नृत्याच्या मंडळीबरोबर हिंडली, आणि ‘नादिया’ हे नाव घेतलं. सोनेरी केस, निळे डोळे, भरदार अंग आणि हिंदी जेमतेम. आता सांगा, या बाईला घेऊन कुणी काय करावं? वाडियांनी तिला दोन चित्रपटांत लहान कामं देऊन पाहिली, आणि मग ‘हंटरवाली’. राजाला कैद करणारा दुष्ट प्रधान, आणि बुरखा-टोपी चढवून, चाबूक घेऊन घोड्यावरून गरिबांच्या मदतीला धावणारी राजकन्या माधुरी. खर्च सुमारे ऐंशी हजार रुपये, आणि पूर्ण व्हायला सहाएक महिने. वितरक घ्यायला तयार होईनात. मर्दानी बाई, तीही गोरी, तिला बघायला कोण येणार? शेवटी वाडियांनी दुसऱ्या भागीदारांच्या मदतीनं तो स्वतःच लावला. ग्रँट रोडच्या सुपर टॉकीजला तो पंचवीस आठवड्यांच्या वर चालला.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे एक अडचण येते. पंचवीस आठवडे हा आकडा झाला, मत नव्हे. मतं कुणाची उरतात? जो लिहितो त्याची. आणि १९३५ सालच्या मुंबईत सिनेमावर लिहिणारा माणूस कोण होता? योगायोग बघा, ज्या वर्षी ‘हंटरवाली’ आली त्याच वर्षी बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ सुरू झालं. बाबूराव आपल्या पालघरकडच्या मासवणचे. इंग्रजी मात्र असं जहाल की निर्माते अंक उघडायला घाबरायचे. देमार चित्रपटांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. त्यांचा वाचक इंग्रजी जाणणारा, वरच्या वर्गात बसणारा. पिटात बसलेला चार आणेवाला ‘फिल्मइंडिया’ वाचत नव्हता, आणि ‘फिल्मइंडिया’ही त्याला विचारायला जात नव्हतं.

मग पिटातल्या माणसाचं मत कुठे शोधायचं? आम्ही चार-पाच जागा शोधल्या. सगळ्या सारख्या भक्कम नाहीत, हे आधीच सांगतो.

पहिली जागा सरकारी आहे. १९२७-२८ साली दिवाण बहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं सिनेमाची चौकशी करायला समिती नेमली होती. थिएटरमालक, वितरक, संपादक, पुढारी, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते: कामगार वस्तीतल्या थिएटरांत परदेशी साहसी मालिका तुफान चालतात. उड्या, पाठलाग, आगगाडीच्या टपावरची झटापट, आणि भाषेची गरजच नाही. म्हणजे ‘हंटरवाली’च्या आधी दहाएक वर्षं या प्रेक्षकाचा डोळा तयार झालेला होता. त्यानं पर्ल व्हाइट पाहिली होती, एडी पोलो पाहिला होता. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मारामारीच्या बाबतीत तो चांगला मुरलेला जाणकार होता. गावाकडे तालमीत घुमलेला, जत्रेत कुस्त्या पाहिलेला, लाठी आणि दांडपट्टा हातात धरलेला माणूस. त्याला खोटा वार दाखवून बघा.

दुसरी जागा बाजारातली. ‘हंटरवाली’ चालल्यावर नादियाच्या नावाचे चाबूक आणि पट्टे विकायला आले. वाडियांनी ते काढले नव्हते, त्यांना त्यातून दिडकी मिळाली नाही. म्हणजे मागणी खरी होती. आज आपण याला ‘मर्चंडाइज’ म्हणतो आणि कंपन्या त्यावर वकील बसवतात. तेव्हा कुणीतरी कारागिरानं चामडं कापलं, नाव घातलं आणि विकलं. प्रेक्षकाचं मत चामड्यावर उमटलेलं आहे, म्हणा ना.

तिसरी जागा म्हणजे खुद्द सिक्वेल. आणि ती आम्हाला सगळ्यांत बोलकी वाटते, म्हणून इथे थोडं थांबू.

१९३५ ते १९४३ या आठ वर्षांत काय काय झालं? नादियाचे एकामागून एक चित्रपट आले. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये धावत्या गाडीच्या टपावर मारामारी, मग ‘हरिकेन हंसा’, ‘लुटारू ललना’, ‘पंजाब मेल’, ‘डायमंड क्वीन’, आणि ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये तर सिंह. जॉन कावस हा शरीरसौष्ठवपटू बरोबरीला. पण थोरले वाडिया बेचैन होते. ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराचे. समाजाला काही सांगावं, प्रतिष्ठेचं काही करावं, असं त्यांच्या मनात. १९४१ साली त्यांनी ‘राज नर्तकी’ काढला, साधना बोस आणि पृथ्वीराज कपूर यांना घेऊन. त्याची इंग्रजी आवृत्तीसुद्धा केली, ‘कोर्ट डान्सर’. धाकट्या होमींना मात्र घोडा, चाबूक आणि नादिया यांच्यावर विश्वास होता. भाऊ वेगळे झाले. होमींनी १९४२ साली ‘बसंत पिक्चर्स’ काढली. आणि परळचा तो स्टुडिओ? तो गेला व्ही. शांताराम यांच्याकडे. तिथे ‘राजकमल’ उभं राहिलं. आपण ज्याला राजकमल म्हणून नमस्कार करतो, त्याच आवारात आधी हंटर कडाडत होता.

आता १९४३ साल डोळ्यांपुढे आणा. महायुद्ध चालू आहे. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती तुटपुंजी झाली. सरकारनं चित्रपटाच्या लांबीवर अकरा हजार फुटांची मर्यादा घातली आणि पुढे फिल्मवर परवाना आला. अकरा हजार फूट म्हणजे पडद्यावर जेमतेम दोन तास. गिरण्या मात्र लढाईच्या मागणीमुळे रात्रंदिवस चालू, हातात पैसा खुळखुळतोय, आणि घेण्यासारख्या वस्तू बाजारात नाहीत, होत्या त्या महाग. मग लोक सिनेमाला जातात. कलकत्त्यात ‘किस्मत’ लागला तो तीनएक वर्षं उतरलाच नाही. मुंबईत स्वस्तिकला राजकमलचा ‘शकुंतला’ दोन वर्षं चालला. त्याच साली होमी वाडियांच्या नव्या कोऱ्या कंपनीकडे स्वतःचा स्टुडिओ नाही, भावाचं पाठबळ नाही, आणि हुकमी पान एकच, नादिया.

त्यांनी आधी काय केलं, तर ‘मौज’ नावाच्या चित्रपटात नादियाला उड्यांऐवजी भावनेची भूमिका दिली. मोठे संवाद दिले. जिची हिंदी ऐकून मंडळी गालात हसायची, तिला रडायला लावलं. प्रेक्षकाला ते रुचलं नाही. तो चाबूक बघायला आला होता. आणि मग त्याच साली, ‘हंटरवाली की बेटी’. दिग्दर्शक बटुक भट्ट.

हा क्रम नीट बघा. ‘मौज’ आणि लगेच ‘बेटी’. निर्मात्यानं एक गोष्ट देऊन पाहिली, प्रेक्षकानं ताट सरकवलं, निर्मात्यानं दुसरं वाढलं. या दोन चित्रपटांच्या मधल्या फटीत पिटातल्या माणसाचं मत ऐकू येतं. त्यानं एक ओळ लिहिली नाही, पण एका कंपनीला दिशा बदलायला लावली. ‘बेटी’नं बसंत पिक्चर्सचे पाय रोवले. पुढे १९४७च्या सुमाराला होमींनी चेंबूरला स्वतःचा बसंत स्टुडिओ बांधला, तो याच प्रेक्षकाच्या चार-चार आण्यांवर.

आता नावातली गंमत. ‘बेटी’ का? ‘हंटरवाली पुन्हा आली’ का नाही? वाडियांच्या चित्रपटांत नादियाचा घोडा असायचा, त्याचं नाव ‘पंजाब का बेटा’. एक खटारा मोटार असायची, तिचं नाव ‘रोल्सरॉइस की बेटी’. कुत्रा होता, तो ‘गनबोट’. रोल्सरॉइस परवडत नाही, तर तिची मुलगी आणू! स्वस्तातल्या सिनेमानं स्वतःच्या स्वस्तपणावर केलेला हा विनोद आहे, आणि पिटातल्या माणसाला तो लगेच कळायचा, कारण तोही रोज असंच भागवत होता. मग सिक्वेललाही ‘बेटी’ म्हणणं हे त्या घरच्या रीतीला धरूनच झालं. मूळ तेच, पण जरा कमी खर्चात, हे आम्हालाही माहीत आहे आणि तुम्हालाही. आम्हाला हे फार प्रामाणिक वाटतं. हाँगकाँगच्या मंडळींनी ब्रूस ली १९७३ साली वारल्यावर ‘ब्रूस ले’, ‘ब्रूस लाय’ अशी सारख्या उच्चारांची माणसं उभी करून पोस्टरवर फसवणूक केली. वाडियांनी निदान नात्याचा उल्लेख तरी स्वच्छ केला होता. (हशा.)

नादिया तेव्हा पस्तीस वर्षांची होती, हेही नोंदवून ठेवू. पस्तिशीच्या नायिकेला आजही आपल्याकडे वहिनीच्या भूमिका सुचवतात.

चौथी जागा आठवणींची. गिरीश कर्नाड, जन्म माथेरानचा, १९३८ सालचा, म्हणजे त्या अर्थानं आपले शेजारीच. त्यांनी १९८० साली नादियावर एक लेख लिहिला. लहानपणी ऐकलेली तिची ती घोड्यावरची आरोळी त्यांच्या मनात कायमची राहिली होती. नाटककार म्हणून, दिग्दर्शक म्हणून एवढं नाव झालेला माणूस, आणि त्याला काय आठवतं तर कथा नाही, संवाद नाही, आरोळी.

आमचीही एक आठवण सांगतो, तिला पुरावा म्हणू नका. कोपरखैरण्याला आमच्या ओळखीचे एक आजोबा होते. पाटण तालुक्यातले. आधी मशीद बंदरला माथाडी, मग बाजार इकडे आला तसे तेही इकडे आले. या सभागृहातल्या अनेकांच्या घरची हीच गोष्ट असेल. गावच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये त्यांनी ‘हंटरवाली’ पाहिली होती, स्वातंत्र्यानंतरच्या दोन-चार वर्षांत कधीतरी. आम्ही विचारलं, “आजोबा, पहिली की तिची बेटी?” त्यांना प्रश्नच कळेना. “तुम्ही लोक कसले नंबर घालताय? हंटरवाली म्हंजे हंटरवाली.” मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, “पर ती बाई खरी पडायची बरं का. खोटं न्हाई.”

या एका वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आपण सिक्वेल म्हटलं की पहिल्याशी तुलना करतो: कथा पुढे गेली का, नवं काही आहे का. आजोबांच्या मनात दोन चित्रपट वेगळे राहिलेच नव्हते. जत्रेतली कुस्ती दरवर्षी तीच असते, पण ‘मागच्या वर्षीची सर नाही’ असं आपण कथेबद्दल म्हणत नाही. जोड चांगली होती का, कुस्ती निकाली झाली का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ती खरी होती की नुरा, हे विचारतो.

नुरा कुस्ती. आपसांत ठरवून केलेली. हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, राजकारण्यांनासुद्धा. या शब्दाचं वजन किती होतं ते बघायचं तर त्याच काळातल्या हमीदा बानू या महिला पैलवानाकडे बघा. मूळची उत्तरेकडची, पुरुषांशी लढायची. १९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली, वीसएक हजार माणसं जमली आणि कुस्ती रद्द झाली. लोकांनी मैदानाची मोडतोड केली. पुण्यात रामचंद्र साळुंके या पैलवानाशी तिची लढत राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे होऊ शकली नाही. तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली, तेव्हा उत्तर आलं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही. तिच्यापुढे डमी पैलवान उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून. आता हे कारण खरं होतं की सोयीचं, यावर तुम्ही तुमचं मत करा. आमचं आम्ही केलेलं आहे. उतारवयात हमीदा बानू कल्याणला राहिल्या, दुधाचा धंदा केला. १९८६ साली गेल्या.

पण त्यातला मुद्दा असा की आखाड्यात बाई पुरुषाला चीत करते हे बघून जो प्रेक्षक ‘नुरा!’ म्हणून ओरडायचा, तोच प्रेक्षक पडद्यावर नादियानं चार गडी लोळवले की शिट्ट्या मारायचा. पडद्यावरचं तर उघड उघड ठरवलेलं असतं! मग तिथे त्याला खरं काय वाटत होतं? आजोबांनी सांगितलं तेच. पडणं. जिंकणं लिहून ठेवलेलं आहे हे त्यालाही माहीत. पण टपावरून जी उडी मारली ती याच बाईनं मारली, तिच्या जागी दुसरा कुणी नाही, हे त्याला दिसत होतं. कारण कॅमेरा लांब ठेवलेला, शॉट लांबलचक, काटछाट कमी. ती काही कलात्मक निवड नव्हती हो. फिल्म मोजून मिळायची, पुन्हा पुन्हा चित्रीकरण परवडायचं नाही, खास युक्त्यांना पैसा नाही. गरिबीमुळेच मारामारी खरी दिसायची. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात तलवारीचा आवाज चांगला येईल, पण माणूस खरंच पडला का, ते धुक्यात जातं.

आणि या खरेपणाची किंमत कुणी मोजली, तेही सांगायला हवं. इथे आपण नादियाला सोडून आपल्या एका माणसाकडे येऊ. भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले मास्टर भगवान. जन्म १९१३, वडील गिरणीत. स्वतः मजुरी केलेली, अंग कमावलेलं. १९३८ पासून दहाएक वर्षं त्यांनी एकामागून एक स्वस्तातले स्टंटपट काढले. पासष्ट हजारांत अख्खा चित्रपट. कपडे कसे असावेत हे तेच ठरवायचे, युनिटच्या जेवणाची व्यवस्था तेच बघायचे. त्यांचा प्रेक्षक कोण, तर गिरणगावच. त्यांनीही पुढे चेंबूरला ‘जागृती’ स्टुडिओ केला, आणि राज कपूर यांनी सुचवल्यावर १९५१ साली ‘अलबेला’. आज लोकांना भगवानदादांचा नाच आठवतो, त्यांचे स्टंटपट नाही.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांनी नायिकेला थोबाडीत मारायची होती. नायिका ललिता पवार, येवल्याच्या. थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची नस गेली. तीनेक वर्षं उपचार. नायिकेच्या भूमिका संपल्या. नंतर आपण सगळ्यांनी तो बारीक डोळा सासूच्या भूमिकेत पाहिला, आणि कजाग म्हणून शिव्या दिल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण ‘खरं दिसलं पाहिजे’ या मागणीचा तो हिशेब आहे, आणि तो ललिताबाईंच्या चेहऱ्यावर चाळीसेक वर्षं लिहिलेला होता. प्रेक्षकाच्या मताला आपण एवढा मान देतोय, तर हेही त्याच वहीत लिहायचं. नादियाही पडली, धडपडली, पण ती धडपड तिच्या कीर्तीत जमा झाली. दोघींच्या नशिबातला फरक लहान नाही.

आता पुन्हा १९४३. परळला, राजकमलमध्ये, ‘शकुंतला’. तो काढणारे शांताराम, आणि त्याच आवारातून बाहेर पडलेल्या होमींची ‘हंटरवाली की बेटी’. मराठी मध्यमवर्गाच्या आठवणीत यांतला एकच राहिला. ‘शकुंतला’वर लेख आहेत, चरित्रांत प्रकरणं आहेत, पुण्या-मुंबईच्या घरांत त्याच्या गोष्टी आहेत. ‘बेटी’बद्दल मराठीत लिहिलेलं शोधायला जा, हाताला फारसं लागत नाही. पण बघणारे मराठी नव्हते का? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर इथून आलेली, हिंदी धड न समजणारी माणसंच या चित्रपटांची मोठी गिऱ्हाइकं होती. किंबहुना हिंदी समजत नव्हती म्हणूनच. नादियालाही येत नव्हती, त्यांनाही येत नव्हती, असा तो छान जुळलेला कारभार होता. त्यांच्या मुलांनी शाळा शिकल्यावर ‘देमार सिनेमा’ हा शब्द नाक मुरडून म्हणायला सुरुवात केली, आणि बापाची आवड घराबाहेर सांगायची सोय राहिली नाही. आमच्याही घरात हे झालं. आमच्या वडिलांच्या पिढीनं आजोबांना कधी विचारलं नाही की तुम्ही काय बघायचात. आम्ही विचारलं तेव्हा आजोबा ऐंशीच्या पुढे गेले होते आणि दोन चित्रपटांचा एक झाला होता.

नादियाची पुढची हकीकत थोडक्यात. तिनं आणि होमींनी १९६१ साली लग्न केलं, इतकी वर्षं थांबून. शेवटचा चित्रपट ‘खिलाडी’, १९६८, वयाच्या साठीत. मधली वीस-पंचवीस वर्षं तिला कुणी विचारत नव्हतं. १९९३ साली घरातल्याच रियाद वाडियानं तिच्यावर माहितीपट केला, तो परदेशांतल्या महोत्सवांत दाखवला गेला, आणि मग एकदम अभ्यासकांना जाग आली. स्त्रीमुक्ती, वसाहतवाद, गोरा वर्ण, सेन्सॉरच्या नजरेखालून काढलेला स्वातंत्र्याचा अर्थ, या सगळ्यांवर प्रबंध झाले. चांगलं झालं. दुष्ट प्रधानात इंग्रज सरकार पाहणारा वाचनाचा मार्ग चुकीचा आहे असं आम्ही म्हणणार नाही. ‘डायमंड क्वीन’सारख्या चित्रपटात तर बायकांच्या हक्काबद्दल ती सरळ सरळ बोलते. फक्त त्या प्रबंधांत पिटातला माणूस पुन्हा एकदा गप्प बसलेला असतो. त्याच्या वतीनं आधी बाबूराव बोलले, मग प्राध्यापक बोलले, आणि आज आम्ही बोलतोय, हे काही आमच्या लक्षात आलेलं नाही असं नाही. १९९६च्या जानेवारीत, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, नादिया मुंबईतच गेली.

तर मागच्या रांगेतल्या मित्राचा प्रश्न: फालतू असतात तरी लोक बघतात का? आमचं उत्तर असं आहे की ‘फालतू’ हा निकाल आपण कथेच्या फूटपट्टीनं देतो, आणि बघणारा दुसरीच फूटपट्टी घेऊन बसलेला असतो. ‘बेटी’ आईसारखी आहे का, हे तो विचारत नव्हताच. ‘मौज’मध्ये कथा होती, संवाद होते, अभिनय होता. तो त्यानं नाकारला. त्याला चोखंदळ म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा.

वेळ संपत आली आहे. पुढच्या वेळी आपण नादियाच्याही आधी जाऊ, मास्टर विठ्ठल यांच्याकडे. ‘आलम आरा’चा नायक, आणि त्याआधी मूकपटांतला तलवारबहाद्दर. एका कंपनीतून दुसरीत गेले म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांचं वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतलं होतं. तो खटला मोठा मजेदार आहे. आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांच्या घरी कुणी वयस्कर असेल, सिनेमाचं वेड असलेलं, त्यांनी त्यांना आज रात्री जेवताना विचारा, आणि जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला द्या. नाव-साल चुकलं तरी चालेल. हां, मागे हात वर दिसतोय. बोला.